अंदाजपंचे दाहोदरसे

भाचा पुण्यात आयटीत आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. "मामा, गावाकडच्या घरावर एक मजला चढवायचा म्हटला तर किती जातील रे? इस्टिमेट नको, नुसता गेस्टिमेट दे."

मी सांगलीत गेली सव्वीस वर्षं इस्टिमेटंच करतोय. घरं, गोठे, कंपाउंडं, एखाद्या शाळेच्या दोन खोल्या, एखादी मोरी. त्यामुळं 'इस्टिमेट नको' हे जरा लागलंच. हलवायाच्या दारात उभं राहून 'पेढे नकोत, नुसती साखर द्या' म्हणावं तसं. तरी आकडा सांगितला. "अठरा-वीस लाख धर." तो खूश होऊन झोपला. मी जागा.

गेस म्हणजे अंधारात मारलेला खडा. इस्टिमेट म्हणजे मापं घेऊन, दर लावून काढलेला आकडा. त्याचं मूळ लॅटिनमधल्या किंमत ठरवण्याच्या क्रियापदात आहे. हे दोन्ही एकमेकांत कोंबून १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आकडेशास्त्र्यांनी 'गेस्टिमेट' केला. इंग्रजीत तो नाम म्हणूनही चालतो, क्रियापद म्हणूनही. नाम असताना शेवट 'मिट'कडं झुकतो, क्रियापद असताना 'मेट'. आपण सरसकट गेस्टिमेट म्हणतो, त्यानं काही बिघडत नाही. अर्थ एवढाच की हातात थोडी माहिती आहे, उरलेली जागा अनुभवानं भरली आहे, आणि हे ऐकणाऱ्यापासून लपवलेलं नाही.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध नमुना एन्रिको फर्मीचा. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा हा पदार्थवैज्ञानिक काही मैलांवर कागदाचे कपटे हातात घेऊन उभा होता. स्फोटाची लाट पोचताना त्यानं कपटे सोडले, ते किती लांब उडाले ते पाहिलं आणि सांगितलं, दहा हजार टन टीएनटीएवढा दणका. पुढं मोजणीत तो एकवीस हजारांच्या आसपास निघाला. निम्म्यानं चुकला म्हणा, किंवा कागदाच्या कपट्यांवर एवढा जवळ गेला म्हणा. आता हीच कसरत नोकरीच्या मुलाखतीत करायला लावतात. भाच्याला विचारलं होतं, तुमच्या गावात रोज किती भडंग विकलं जातं? त्यानं लोकसंख्येपासून सुरुवात करून काहीतरी टनांत उत्तर काढलं. नोकरी लागली. भडंगवाल्यांना कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं शब्दाबद्दल नाही. गेस्टिमेट मराठीत आला काय, न आला काय. पण त्या शब्दात एक कबुली आहे, 'यात अर्धा भाग मी मनानं घातलाय' अशी. ती कबुली आपल्या सार्वजनिक भाषेतून गेली आहे. सरकार, कारखाने, वर्तमानपत्रं आणि आम्ही इस्टिमेटवाले, सगळे मिळून एकच शब्द वापरतो, अंदाज. आणि त्या एका शब्दाखाली कुणाचं काय झाकलंय ते कळत नाही. त्यावर माणसांची कर्जं, पेरण्या, सवलती ठरतात, म्हणून हा भाषेचा लाड नव्हे.

आधी माझा गुन्हा सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यानं गेटवरच विचारलं, "मागं दोन खोल्या काढायच्यात, कितीपर्यंत जाईल?" हातात चहाचा कप होता. मी म्हणालो, "आठ-नऊ लाख." मी आठ-नऊ म्हणालो, त्यांनी आठ ऐकलं. आठाचं कर्ज काढलं. खणायला घेतल्यावर काळी माती लागली, ती संपता संपेना. पाया खोल न्यावा लागला, खाली मुरूम भरावा लागला, काम साडेनऊच्या पुढं गेलं. म्हणजे माझा वरचा आकडाही खाली राहिला. दोन खिडक्यांना ग्रील बसायला वर्ष लागलं आणि आमचं बोलणं तेवढंच वर्षभर बंद होतं. ते म्हणायचे, "तुम्ही आठ म्हणालात." मी म्हणायचो, "मी अंदाज म्हणालो." दोघंही खरं बोलत होतो. मी जी एक गोष्ट बोललो नव्हतो ती ही, की मी जागा पाहिलेली नाही.

खरं तर मराठीनं याची सोय फार आधीच करून ठेवली आहे. मोजल्याशिवाय मराठी माणूस एकटा आकडा सहसा बोलत नाही. पाच-सात माणसं, दहा-बारा पोती, पंधरा-वीस मिनिटं, पन्नास-साठ पाहुणे. नीट बघा, आकडा जसा वाढतो तशी दोन आकड्यांमधली फट वाढते. पाचाला दोनाची, पंधराला पाचाची, पन्नासला दहाची. 'पन्नास-एकावन्न पाहुणे' कुणी म्हणत नाही. म्हटलं तर समजायचं की यानं पंगत मोजली आहे आणि एकाबद्दल शंका आहे. 'सतरा-अठरा' म्हणणारा जवळजवळ मोजून बोलतोय. 'पाच-पन्नास' म्हणणाऱ्यानं तिकडं ढुंकूनही पाहिलेलं नाही. 'दोन-चार लोक' म्हणजे थोडे, आणि तेच उलटं करून 'चार-दोन लोक' म्हटलं की थोडे आणि बिनमहत्त्वाचे. शंभरेक, दहाएक हा 'एक' तर कमालीचा प्रत्यय. आकड्याला शेपूट लावून तो आकडा सैल करतो. संख्याशास्त्रात याला त्रुटीची मर्यादा म्हणतात आणि आकड्यापुढं अधिक-उणे लिहितात. आमच्या आजीला ते बोलण्यातच येत होतं.

शब्दही काही कमी नाहीत. अटकळ बांधायला हातात फक्त खुणा असतात. अदमास घेतात तो डोळ्यानं आणि हातानं. पोतं उचलून वजनाचा अदमास येतो, अटकळ येत नाही. कयास अरबीतला, एका ठाऊक गोष्टीवरून तिच्यासारख्या दुसरीबद्दल बोलणं; इस्लामी धर्मशास्त्रात तो निर्णयाचा एक रीतसर आधार आहे. अनुमान न्यायशास्त्रातलं, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं आग आहे. आडाखे पुढची चाल ठरवण्यासाठी बांधतात, म्हणून ते राजकारण्यांचे आणि व्यापाऱ्यांचे. ठोकताळा पुन्हा पुन्हा अनुभवानं पक्का झालेला. होरा ज्योतिषातून आला, आणि ज्योतिषात तो ग्रीकांकडून आला. आणि खुद्द अंदाज फारसीतून. त्याच्या मुळाशी टाकणं, फेकणं आहे. तिरंदाज आणि गोलंदाज यांच्यातला 'अंदाज' तोच. टाकलेला बाण लागेलच असं नाही, हे त्या शब्दातच होतं. आपण ते विसरलो.

आणि या सगळ्यांवर शेलकी शिवी म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. बावीसच्या पाढ्यात 'बावीस पंचे दाहोदरसे' येतं, एकशे दहा. बावीसच्या जागी कुणीतरी खट्याळपणे अंदाज घातला आणि पाढा तसाच म्हटला. गुणाकार बरोबर, सूर बरोबर, फक्त गुणायला घेतलेली संख्या हवेतली. सरकारी कागदांतल्या कितीतरी आकड्यांचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. दशांश चिन्हानंतर दोन स्थळं, आणि मुळाशी अंदाज.

पण सरकारच्याच दप्तरात एक फार प्रामाणिक शब्द पडून आहे, 'नजर अंदाज पैसेवारी'. लोक अजून आणेवारीच म्हणतात, दशमान नाणी १९५७ ला आली तरी. गावातलं यंदाचं पीक सरासरीच्या मानानं रुपयात किती पैसे, हे ती सांगते. सप्टेंबर अखेरीला नजर अंदाज निघतो, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. तीन पायऱ्या, आणि पहिलीच्या नावातच कबुली की हे नजरेनं आहे. गेस्टिमेटचा जन्म होण्याआधीपासून आपल्या महसुलात ही समज होती.

घोटाळा होतो तो पुढं. पन्नास पैशांवर रेघ मारलेली आहे. खाली गेलं तर गाव टंचाईत, वर राहिलं तर नाही. शेतसाऱ्यातली सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी हे सगळं वर्षानुवर्षं त्या रेघेला टांगलेलं. आता एका गावाची पैसेवारी ४९ आणि ओढ्यापलीकडच्या गावाची ५१. या दोन पैशांत खरोखर फरक आहे का? पाहणाऱ्याची नजर, निवडलेला तुकडा, कापणीच्या दिवशीची ओल, यांतल्या कशानंही दोन पैसे इकडंतिकडं होतात. रेघ मात्र सुतासारखी सरळ आहे. अंदाजातून सुरीसारखी रेघ काढायची असेल तर अंदाजाला किती जाडी आहे हे आधी मोजायला हवं.

हे मोजण्याचं शास्त्र ज्यांनी देशाला दिलं त्यांत एक आपल्या शेजारचे होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ ला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. पूर्वी पिकाचा आकडा कसा निघायचा? क्षेत्र गुणिले ठरलेलं सर्वसाधारण उत्पन्न गुणिले पाटील-तलाठ्यानं सांगितलेले आणे. म्हणजे बावीस पंचे. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेतं निवडायची, त्यात ठरीव मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत रुजवण्यात १९४० च्या दशकात सुखात्म्यांचा मोठा वाटा. तुकडा केवढा घ्यायचा यावरून त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडं होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर कडेची ताटं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. किती साधी गोष्ट! दोरी धरणाऱ्याचा हात नकळत चांगल्या ताटाकडं जातो. ज्या माणसाला हे दिसलं त्याला शेतकऱ्याचा स्वभावही माहीत होता आणि कारकुनाचाही.

म्हणून कुणी म्हणेल, मग नजर अंदाज फेकून द्या, उपग्रह आहेत, सूत्रं आहेत. इथं मी अडखळतो. २०२३ आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ नंतरचा सगळ्यात कोरडा ठरला. ऑक्टोबर अखेरीला राज्यानं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सांगली जिल्ह्यातले चार होते, शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज. शिराळा! जिथं चांदोलीचं धरण आहे, जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस जिथं पडतो तो तालुका यादीत, आणि जत बाहेर, आटपाडी बाहेर. जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटीच्या कंडक्टरनं खिडकीतून बघून सांगितलं असतं की कोरडं कुठं आहे. पण सूत्र खोटं बोलत नव्हतं. ते प्रत्येक तालुक्याची त्याच्याच सरासरीशी तुलना करत होतं. जो कायम उपाशी, त्याचा एक उपास सूत्राला दिसत नाही. ओरड झाली, पंधरवड्याच्या आत राज्यातल्या हजारावर महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. तेव्हा सूत्रातून निघालेला आकडाही अंदाजच असतो. फरक इतकाच की त्यात कुणाची नजर आहे ते दिसत नाही, त्यामुळं भांडायचं कुणाशी ते कळत नाही. सूत्राच्या निकषांत बसण्याला 'ट्रिगर' म्हणाले. कंडक्टरच्या शब्दाला काहीच म्हणाले नाहीत.

याच वर्षातली दुसरी गोष्ट आमच्या भागाला जास्त झोंबली. पावसानं ओढ दिल्यामुळं राज्यात साखर नव्वद लाख टनांच्या आतबाहेर होईल, असा अंदाज हंगामाच्या तोंडावर फिरत होता. देशाचाही आकडा खाली धरलेला. साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं ७ डिसेंबर २०२३ ला उसाचा रस आणि सिरप यांपासून त्या हंगामात इथेनॉल करायला बंदी घातली. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेएवढी सूट दिली, पण गाडी तोवर रुळावरून उतरली होती. डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेले कारखाने इथं पावलापावलावर आहेत. मग नोव्हेंबर अखेरीचा अवकाळी पाऊस उसाला मानवला, हंगाम लांबला, आणि राज्याची साखर एकशे दहा लाख टनांच्या घरात गेली. नव्वदाचे एकशे दहा. आदल्या वर्षी नेमकं उलटं झालं होतं. १३८ लाख टन होईल म्हणत होते आणि हंगाम १०५ वर आटोपला.

अंदाज चुकला म्हणून मी कुणाला फाशी द्या म्हणत नाही. ऊस बारा-चौदा महिने रानात उभा असतो, त्याचा आकडा पाऊस संपायच्या आत सांगणं अवघडच. माझी तक्रार अशी की सांगताना 'नव्वद' असं सांगितलं गेलं. 'ऐंशी ते एकशे दहा, नोव्हेंबरच्या पावसावर अवलंबून' असं ऐकलं असतं तर बंदी घालणाऱ्याचा हात कदाचित आठ दिवस थांबला असता. कारखान्यातर्फे उसाची नोंद घेणारा चिटबॉय रानात येतो तेव्हा शेतकऱ्याला विचारतो, "किती पडंल?" शेतकरी म्हणतो, "चाळीस-पंचेचाळीस." चिटबॉय वहीत लिहितो, ४२. तिथून पुढं तो ४२ गटाच्या बेरजेत, कारखान्याच्या बेरजेत, राज्याच्या बेरजेत जातो आणि शेवटी दिल्लीला पोचतो तेव्हा त्यात त्या रानातली शंका शिल्लक नसते.

हवामान खात्याचं उदाहरण घ्या. लोक त्याच्यावर सगळ्यात जास्त हसतात, आणि मला वाटतं या बाबतीत ते सगळ्यात सरळ आहेत. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, अधिक-उणे ५ टक्के. पडला ९४. दिलेल्या मर्यादेत बसला. पण मराठी मथळ्यांत काय आलं? 'यंदा ९६ टक्के पाऊस'. अधिक-उणे गेलं, 'देशात' हा शब्द बारीक अक्षरांत गेला, आणि जतच्या शेतकऱ्यानं तो आकडा आपल्या बांधावर लावून पाहिला. खात्यानं फट ठेवली होती, आपण ती बुजवली. माझ्या शेजाऱ्यानं आठ-नऊचे आठ केले तसंच.

पाटबंधाऱ्यातल्या अंदाजपत्रकांवर मी फार बोलणार नाही, त्या धंद्याशी माझं दूरचं नातं आहे. टेंभू उपसा योजना १९९६ ला सुमारे चौदाशे कोटींची होती, आता सात हजार कोटींच्या वर आहे. महागाई आहे, भूसंपादन आहे, वाढीव गावं आहेत, सगळं मान्य. पण 'सुप्रमा' हा शब्द आमच्याकडं आता पोरंसुद्धा बोलतात. सुधारित प्रशासकीय मान्यता. अंदाज चुकल्याची कबुली द्यायची नसेल तर तो सुधारला म्हणायचं.

पुराचं मात्र सांगायलाच हवं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. माझं ऑफिस तेव्हा गावभागात होतं. २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर मीच पेन्सिलीनं मारून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मी हिशेब केला: त्या पुराहून मोठा पूर कुठला यायला? फायली रेघेच्या वर दीड फुटावरच्या फळीवर चढवल्या, कुलूप लावलं, शटरला शेणमाती लिंपली आणि विश्रामबागला गेलो. निम्म्या पेठेनं हेच केलं. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. दहा दिवसांनी शटर उघडलं तेव्हा सव्वीस गठ्ठे लगदा झालेले, आणि वर तरंगत एक फुगलेलं डीएसआरचं, म्हणजे सरकारी दरसूचीचं, पुस्तक. माझा अंदाज नव्हता तो, आडाखाही नव्हता. एकाच अनुभवाला मी ठोकताळा समजलो होतो. हे शब्द वेगळे ठेवायचे असतात ते यासाठी.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला असा की लोकांना एकच आकडा लागतो, पल्ला सांगितला की गोंधळतात. मला हे पटत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभे राहा. व्यापारी पोत्यातून मूठ भरतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो, नाकाशी नेतो, आणि मनात एक पल्ला धरूनच बोली बोलतो. द्राक्षाचा बाग उक्ता घेणारा चार ओळी फिरतो, घड मोजतो, "नऊ-दहा टन" म्हणतो आणि नवाला झेपेल तेवढाच भाव देतो. पल्ल्यात विचार करणं इथं शाळेत न गेलेल्या माणसाला येतं. गोंधळ होतो तो शिकलेल्यांचा, ज्यांना तक्त्यात एकच चौकट दिलेली असते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. पल्ल्याआड लपता येतं. 'ऐंशी ते एकशे दहा' म्हणणारा कधीच चुकत नाही. कंपन्यांतही गेस्टिमेट असाच ढालीसारखा वापरतात, असं भाचाच सांगतो. बैठकीत आकडा ठोकायचा, अंगाशी आला की 'सर, तो गेस्टिमेट होता' म्हणायचं. कबुलीचं कधी कवच होतं ते कळत नाही. याला माझ्याकडं एकच उपाय आहे आणि तो सरकारी नाही, तो आमच्या तात्यांच्या डायरीतला आहे.

तात्या म्हणजे माझे चुलते, पलूस तालुक्यात कृष्णाकाठी हळद आणि ऊस करतात. कारखान्याकडून सभासदांना मिळणाऱ्या डायरीच्या मागच्या पानांवर त्यांचा एक उभा तक्ता असतो. जानेवारीत ते हळदीत उतरतात, तीन-चार ठिकाणचे गड्डे कुदळीनं काढतात, माती झटकतात, तळहातावर वजन घेतात. सरीवरून एकदा लांबवर नजर टाकतात. मग डायरीत लिहितात: 'अंदाज वाळून २५-२८'. शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन माल यार्डात गेला की शेजारच्या रकान्यात 'भरली २३'. गेली पंधराएक वर्षं. मी पानं चाळली. तात्या बहुतेक वर्षी दोन-तीन क्विंटलनं वर असतात, एका वर्षी सात. "सडका लागला हुता आतनं," म्हणाले, "वरनं कळतंय व्हय?" मी विचारलं, हे लिहिता कशाला? तात्या म्हणाले, "न्हाई लिवलं तर फुडल्या साली मीच म्हननार, मी बराबरच म्हनलो हुतो."

एवढंच मला सार्वजनिक आकड्यांकडून हवं आहे. साखरेचा नवा अंदाज छापताना शेजारी मागच्या पाच हंगामांचे अंदाज आणि भरलेली साखर. पैसेवारीच्या जाहीर यादीत नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम हे तिन्ही रकाने एकाच पानावर, म्हणजे कुठल्या गावाचा आकडा डिसेंबरात कसा पालटला ते दिसेल. पन्नास पैशांच्या आजूबाजूला तीन-चार पैशांत जी गावं असतील तिथं पुन्हा कापणी घेतल्याशिवाय निकाल नको. वर्तमानपत्रांनी अधिक-उणे खाऊ नये, त्याला जागा लागते ती अर्धी ओळ. आणि आकड्याआधी तो कुठल्या जातीचा आहे ते एका शब्दात: नजरेनं, नमुन्यानं, सूत्रानं, की ऐकीव. यातल्या कशालाही नवीन कायदा लागत नाही. लागतो तो थोडा निर्लज्जपणा, आपल्या चुका रांगेत मांडण्याचा.

दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करावं म्हणून मी गेल्या वर्षीपासून फायलीच्या आतल्या बाजूला असा तक्ता सुरू केला. सोळा कामं झाली. तोंडी सांगितलेला आकडा प्रत्यक्षात सरासरी पाचव्या हिश्शानं कमी निघतो, आणि जागा न पाहता सांगितलेला त्याहूनही कमी. हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.

काल भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. 'अठरा-वीस म्हणालो ते घर न बघता. खालच्या भिंती मजला पेलतील का ते बघायला रविवारी जातो. माझे तोंडी आकडे वीस टक्के कमी पडतात, हे धरून चाल.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'ओके मामा. मग बावीस फायनल ना?'